कुंपण, मोकळं रान आणि पाद्रीबुवा

— बुडवा हो, आधी कॉफीत बुडवा. कोरडा रस्क चावायला गेलात तर दात हातात येईल, आणि तुम्ही दातांचे डॉक्टर असलात म्हणून काय झालं, स्वतःच्या तोंडात स्वतःच पक्कड घालणार आहात? जवळचा दातवाला ओत्जिवारोंगोला, तोही आला तर आला. बुडवा. अस्सं. थोडा वेळ राहू द्या. इथे लेकरं दात यायच्या आधी हेच खातात आणि म्हातारे दात गेल्यावर हेच, मधल्या वयात तेवढं मटण. हसताय काय? खरंच सांगतेय. बरं, ते राहू दे. आमचे हे पाणवठ्यावरचा पंप बघायला गेलेत, येतीलच इतक्यात, आणि जाताना मला बजावून गेलेत — अलिडा, डॉक्टरांची ही पहिलीच शिकार, त्यांचं काही ठरत नाहीये, इथे आपल्या कुंपणात करायची की वर फानीकडे मोकळ्या रानात जायचं. तर तू आपल्या बाजूच्या चार गोष्टी सांग आणि बाकी तोंड बंद ठेव. आता तोंड बंद ठेवून चार गोष्टी सांगायच्या कशा, ते काही सांगून गेले नाहीत. फानी म्हणजे माझा धाकटा दीर, वर कुनेने नदीकडे शिकारीला माणसं नेतो. दोघे सख्खे भाऊ, पण नाताळच्या जेवणाला टेबलाच्या दोन टोकांना बसवावे लागतात. फानीभावजी म्हणणार, दादा, तुझ्या कुंपणातली शिकार म्हणजे दुकानात जाऊन पाव आणणं. आणि हे म्हणणार, तुझ्याकडची शिकार म्हणजे नुसतं चालणं, बंदूक उगाच खांद्याला ओझं. दरवर्षी तेच. पुडिंग यायच्या आत एक जण उठून बाहेर जातो, आणि उरलेलं पुडिंग मी खाते.

तर आपल्या बाजूची गोष्ट. कुंपण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोंबड्यांचं खुराडं येतं. येतं ना? सगळ्यांच्याच येतं. तसं नाहीये हो — सकाळी गाडी काढलीत तर जेवणवेळ होते तरी पलीकडची तार दिसत नाही. आत झेब्रे आहेत, ओरिक्स आहेत, कुडू आहेत — दोन्ही हरणंच, ओरिक्सची शिंगं भाल्यासारखी सरळ आणि कुडूची पिळाची — आणि रानडुकरं तर तारेखालून बिळं करून अशी ये-जा करतात, जसे काही आम्हीच त्यांचे भाडेकरू. जनावरं आमची म्हणजे कागदावर आमची. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. पण एक आहे, इथून हात हलवत कोणी परत गेलेलं नाही. मिळतंच. खोली आहे, गरम पाणी आहे, संध्याकाळी निखाऱ्यावर चॉप्स, थंड बिअर — आणि फानीकडे काय, तंबू. संडास म्हणजे खड्डा, आणि खड्ड्यात विंचू. तो आधीपासून राहतो तिथे, पाहुणे तुम्ही. जनावर कोणाच्या बापाचं नाही, आज या डोंगरात, उद्या नदीपलीकडे अंगोलात. चाला आपलं. उन्हात चाला, दगडांवर चाला, वारा फिरला की आल्या वाटेने परत चाला. शिकार झालीच तर शिंगं तुमची आणि मांस सगळ्या गावाचं, बायका पातेली घेऊन आधीच हजर. मागे तुमच्याच बाजूचा, ऑस्ट्रियाचा एक वकील गेला होता. काय मिळालं विचारा — टाचेला फोड. आणि तरी जाताना इथे बसून रडला हो, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत, म्हणाला असं सुख आयुष्यात नाही — चमचा नका वाजवू.

नाही, रागावले नाही, कशाला रागावू? ते एनॅमलचं भांडं आहे ना, त्याचा आवाज फार लांब जातो. सवय असते काही जणांना, ढवळून झालं तरी टिणटिण टिणटिण. साखर विरघळली केव्हाच. ठेवा बशीत.

काय म्हणत होते — हां, मिळतंच. काल संध्याकाळी तुम्ही खोक्यावर नेम लावत होतात तेव्हा मी कपडे काढत होते दोरीवरचे. इथे रीतच आहे, आल्या आल्या पाहुण्याने खोक्यावर दोन-चार गोळ्या झाडायच्या. बंदूक नीट आहे की नाही ते बघायला, असं म्हणायचं. बघायचं असतं पाहुण्याला. मग गोळी कुठे भलतीकडे गेली की आमचे हे म्हणणार, विमानात हलली असेल हो बंदुकीवरची दुर्बीण, सामान कसं फेकतात बघताय ना! सगळ्यांच्याच दुर्बिणी विमानात हलतात, डॉक्टर. वाईट वाटून घेऊ नका. पण तुमची जरा — म्हणजे खोकं तिथे, वारूळ तिथे, आणि गोळ्या सगळ्या वारुळात. वाळवी बाहेर येऊन बघत होती काय झालं ते. हसा, हसा. मीही हसले, दोरीमागे तोंड घालून. आत आल्यावर हे म्हणाले, डॉक्टर माणूस चांगला आहे, पण याला जवळून द्यावं लागेल काहीतरी. स्वस्थ उभं राहील असं. मी म्हटलं, गाय द्या. तर म्हणाले, नाही, आहे एक.

म्हणजे तुम्हाला सांगितलं का त्यांनी, कोणता ते? फोटो दिलाय? बघू. थांबा, चष्मा — गळ्यातच आहे, मेला. मोठा कसा करायचा हा? दोन बोटांनी. हं.

हं.

शिंगं काय, चांगली आहेत. आहेत मोठी. डावं टोक जरा बाहेर वळलंय, भिंतीवर लावलंत तर वाकडंच दिसेल आयुष्यभर, तुमची बायको रोज म्हणेल, अहो ते सरळ करा. आणि म्हातारा आहे हो हा. गळ्याखालची दाढी बघा, पिकलीय. असला म्हातारा घेऊन काय करणार तुम्ही? कॉफी देऊ अजून? नको? — डॉक्टर, मला एक सांगा, तुम्ही एवढे समुद्र ओलांडून आलात ते कशाला आलात? कुंपणाच्या आत उभं असलेलं जनावर मारायला? नाही, तुम्ही मघाशी विचारलंत ना, यात खरी शिकार कोणती, तर मी जरा घाईने बोलले. ह्यांनी सांगितलं होतं तेवढं बोलून टाकलं. आता माझं ऐका. फानीकडे जा. अहो, काय रान आहे ते! पहाटे तंबूबाहेर आलात की डोंगर आणि आभाळ, बस्स, तार नाही, फाटक नाही, कोणाची गाडी नाही. आणि जनावराला तिथे पळायला जागा असते, तुमच्याइतकीच त्यालाही. विंचू? विंचवाचं काय घेऊन बसलात, बूट झटकून घालायचे. मी मघाशी विंचू म्हटलं ते गमतीने. असतो, पण गरीब असतो. आणि दुसरं म्हणजे, स्पष्टच बोलते, तिथे तुमचा नेम चुकला तर गोळी डोंगराला लागते. डोंगराला काही होत नाही. इथे चुकलात तर अर्धमेलं जनावर झुडपात शिरतं आणि मग सगळा दिवस रक्ताच्या थेंबांमागे फिरा. आमचे हे म्हणतील, डॉक्टर चुकणार नाहीत, मी त्यांना इतक्या जवळ नेईन की बंदुकीऐवजी चमचा दिला तरी — परत वाजवलात?

द्या तो इकडे. द्या म्हणते ना. लहान पोरांसारखं काय ते. हा राहील माझ्यापाशी, माझ्या एप्रनच्या खिशात. काही नाही हो, माशा येतात आवाजाने. येतात आमच्याकडच्या.

इतक्या जवळ कसं नेतील, असं विचारताय? गाडीतून. पांढरी पिकअप पाहिली की तो पळत नाही. उलट पुढे येतो. हे म्हणतात, म्हातारपणी मेंदू गेलाय त्याचा. मेंदूबिंदू काही गेलेला नाही, त्याला वाटतं गाडीत मी आहे. — म्हणजे असं मला आपलं वाटतं. कुडूला काय वाटतं ते मला कसं कळणार, मी काय कुडू आहे? — असं बघू नका हो, डॉक्टर. तुम्ही लोक असेच बघता खुर्चीतल्या माणसाकडे, आणि मग त्याला कबूल करावं लागतं की ब्रश केला नव्हता. बरं, ऐका. पण आमच्या ह्यांच्या कानावर गेलं ना, तर मी म्हणेन तुम्हाला ऊन लागलंय.

हे उंच कुंपण घातलं ना, त्याच साली. त्याआधी गुरांची बुटकी तार होती, कुडू ती झोपेतसुद्धा ओलांडतात. नवीन तार उंच, आणि याच्या आईला ते सांगणार कोण? ती आपली रोजच्यासारखी धावत आली आणि उडी घेतली. मान मोडली. तारेतच लटकत होती. आणि हा बाजूला उभा, एवढासा, नुसते कान. हे म्हणाले, जगायचा नाही. मी म्हटलं, बघू. या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, शेळीच्या दुधावर वाढवला मी त्याला. माझे पडदे खाल्ले, बायबलची पानं खाल्ली — शेवटची, म्हटलं जाऊ दे, जगाचा शेवट आहे त्यात, तो गेला ते बरंच झालं. मग शिंगं फुटली, आणि एकदा ह्यांच्या आईला त्याने पडवीतून ढकललं. लागलं नाही काही त्यांना. मी मनात म्हटलं, शाब्बास! पण हे म्हणाले आता बाहेर. सोडला रानात. रडले मी. मग विसरलेसुद्धा, म्हणजे विसरले असं सगळ्यांना सांगितलं. नाव? पाद्रीबुवा. आमच्या गावच्या चर्चचे पाद्री पाहिलेत का तुम्ही? तीच दाढी, तेच मोठे ओले डोळे, आणि तसंच थांबून थांबून बघणं, जसं काही तुम्ही काल काय केलंत ते त्यांना माहीत आहे. आणि हाही रविवारीच यायचा. हे चर्चला गेले की. मला जमत नाही ना चर्चला जायला, गुडघे दुखतात माझे. दर रविवारी दुखतात. सोमवारी मी शिडी चढून छपराची पन्हाळ साफ करते, ते वेगळं. खरे पाद्री बिचारे माझ्या गुडघ्यांसाठी सगळ्या गावाकडून प्रार्थना करवून घेतात, आणि मी इथे दुसऱ्या पाद्रीला टपातून नाश्ता देत बसलेली. देवाने अजून काही म्हटलेलं नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आला तो — कसा आला! बरगड्या मोजून घ्या. शेंगा टाकल्या मी बाभळीच्या, तर तोंडात घोळवतो आणि टाकून देतो. घोळवतो आणि टाकतो. ह्यांनीही पाहिला होता लांबून दुर्बिणीतून, म्हणाले दाढा गेल्या म्हाताऱ्याच्या, रान आता त्याला उपाशी मारणार, कोल्हे जिवंतपणी मागून सुरुवात करतील, त्यापेक्षा एक गोळी बरी. चुकीचं नाही बोलले. या बाबतीत ते चुकीचं बोलत नाहीत, तोच तर राग येतो. मग मी काय केलं, रस्क भिजवले. तुम्ही आता भिजवलात ना, तसेच. टपभर. पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यात भिजवले तर हुंगून बाजूला झाला, मग उरलेली कॉफी ओतली वरून, साखर घालून. खाल्लं हो! चाटून पुसून. एनॅमलच्या टपावर चमचा वाजवायचा, की जिथे असेल तिथून यायचा. मग रविवार कसला आणि सोमवार कसला, हे जरा पंपाकडे गेले की मी टप घेऊन मागे, ह्यांना डुलकी लागली की टप पिकअपमध्ये घालून थेट त्याच्यापर्यंत. आणि यंदा बघा, काय भरलाय! पाठ कशी गोल झालीय फोटोत. आमचे हे सगळ्यांना सांगतात, पाऊस चांगला झाला. पाऊस! ओत्जिवारोंगोच्या दुकानातली बाई मला विचारते, घरी पाहुणे किती हो तुमच्याकडे, एवढे रस्क? — आणि ह्यांनी जाहिरातीत काय लिहिलंय वाचलंत ना? अस्सल रानटी, माणसाचा वारा न लागलेला. माझ्या हातची कॉफी पितो तो. साखर जरा कमी पडली तर मान फिरवतो.

मी फाटक उघडं टाकलं होतं हो. उत्तरेकडचं. मुद्दाम, आणि ह्यांना सांगितलं कोणीतरी लावायला विसरलं. म्हटलं, जा बाबा, पलीकडे नुसतं रान आहे, तिथे कोणी तुझा फोटो काढणार नाही. ओरिक्स गेले, झेब्रे गेले, आमचे हे आठवडाभर शिव्या घालत गोळा करत फिरत होते. हा नाही गेला. फाटकात उभा राहिला आणि घराकडे बघत बसला. त्याला तार नाही अडवत, डॉक्टर. माझा चमचा अडवतोय त्याला. मीच त्याला स्वस्थ उभं राहायला शिकवलं, आणि आता ते म्हणतात, स्वस्थ उभा राहतो, पहिल्या शिकारीला चांगला. — नाही, डोळ्यांत धूर गेला. चूल विझलीय? विझली असेल. तरी गेला.

हलू नका.

नाही, साप नाही. साप असता तर मी एवढं हळू बोलले असते का? तुमच्या मागे. वळू नका एकदम. दोनदा वाजवलात तुम्ही चमचा, मी सांगत होते वाजवू नका — माशा म्हणे! पडवीच्या कठड्यापाशी आहे. आता हळूच वळा. खांदा आधी. हां.

ये रे. ये, पाद्रीबुवा. पाहुणे आहेत, घाबरू नकोस, यांना मारता येत नाही. — काय बघताय, डॉक्टर? फोटोपेक्षा मोठा दिसतो ना? सगळे असंच म्हणतात — कोणी म्हणत नाही, तुम्ही पहिलेच आहात त्याला इतक्या जवळून बघणारे. तो भिजलेला रस्क द्या त्याला. तुमच्या बशीतला. हाताने द्या, तळहात सपाट ठेवा. अस्सं. ओला लागतो ना ओठ? बरं आता, तुम्ही आहात तर एक काम करा माझं. मी धरते जबडा, मला धरू देतो तो. तो फोनचा दिवा लावा आणि आत बघा. वरचे पुढचे नाहीत म्हणून दचकू नका, ते यांना जन्मतःच नसतात. मागच्या बघा, दाढा. पन्नास माणसांच्या तोंडात रोज बघता, एकदा याच्या बघा. हे दुर्बिणीतून बघून सांगतात, दुर्बिणीतून काय कळतं डोंबलाचं! म्हटलं असेल एखादी शाबूत. डाव्या बाजूला? डावीकडे असेल, तो डावीकडे चावतो. वाकून बघा नीट. मग?

बोला ना.

नुसती मान नका हलवू. — बरं. कळलं. हिरड्यांपर्यंत? बरं. मला काय माहीत नव्हतं का? माहीत होतं. उगाच आपलं विचारलं. डॉक्टर घरात आलाच आहे तर विचारावं माणसाने. पुढचा हिवाळा — नाही, ते नका सांगू. ते हेही सांगतात. मला माहीत आहे गोळी बरी असते. तुमच्याकडे शिकारी लोक करतात ना, जनावर पडलं की झाडाची हिरवी डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवायची, शेवटचा घास म्हणून? आमचे हेही करतात, टोपी काढून उभे राहतात. चांगली रीत आहे. पण मेल्यावर कसला घास हो? त्याला आत्ता भूक लागलीय. आत्ता खातोय तो. मला त्याच्यावर फार जीव आहे, डॉक्टर, पोटच्या पोराइतका, आणि हे मी कोणाला सांगत नसते. जायचाच असेल तर जाऊ दे, पण पिकअप आली म्हणून आनंदाने पुढे आला आणि समोर तुम्ही, असं नको. एवढंच. त्याने माझी वाट बघत पुढे येऊ नये आणि —

ऐकलंत? पिकअप. आले हे. पाद्रीबुवा, पळ! चल, हाड! नाही जायचा, बघा, गाडीकडेच तोंड करून उभा राहिलाय, गाढव मेला. मीच हाकलते त्याला मागच्या बाजूने, टप दाखवून. तुम्ही उठा. ह्यांनी विचारलं तर काय सांगाल? मोकळं रान. लहानपणापासून मला मोकळंच रान आवडतं, असं सांगा. अलिडावहिनींनी विंचवाचं सांगितलं, तरी मी म्हटलं मोकळंच. तिकडे फानी भेटला की माझा नमस्कार सांगा आणि सांगा, पुडिंग यंदा त्याचं. आणि त्या फोटोचं काय करायचं ते तुमचं तुम्ही — बोला, पटकन बोला, काय ठरलं? नाही, राहू दे. काही बोलू नका, मला ऐकायचंच नाही. दार जोराने लागतं, हळू लोटा. आणि ते उरलेले रस्क तिथेच राहू द्या हो, तुमचे दात आहेत अजून.